पाणबुडीवरील कारागिराची शिदोरी

वर्धा जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु वर्धा नदीचें पाणी वैनगंगेस मिळतें, पुढें प्राणहिता होऊन गोदावरींत शिरतें आणि अखेर बंगालच्या उपसागरास पोंचतें. त्याच किनाऱ्यावर, विशाखापट्टणम् येथें, भारतीय पाणबुड्यांचें पहिलें ठाणें झालें. वर्ध्याकांठच्या तरुणानें यंत्रकारागीर म्हणून तेथें जावयाचें तर बरोबर काय न्यावें, याचें उत्तर पहिल्या तुकडीच्या इतिहासांत सांपडतें.

१९६६ सालीं ही मंडळी शिक्षणासाठीं सोव्हिएत रशियांत व्लादिवोस्तोकला गेली. पहिली अडचण यंत्राची नसून भाषेची होती. शिकविणारे रशियन, तेव्हां आधीं लिपीच गिरवावी लागली! ८ डिसेंबर १९६७ रोजीं रिगा बंदरांत ‘कलवरी’ आरमारांत दाखल झाली. सुएझचा कालवा त्याच वर्षीं बंद पडला होता. म्हणून आफ्रिकेस वळसा घालून ती १९६८ च्या जुलैंत विशाखापट्टणमास पोंचली.

नौका नव्वद मीटरांची. आंत तीन डिझेल एंजिनें, बॅटऱ्या, पाणतीर आणि सुमारें पाऊणशें माणसें. सामानास जागा ती कोठून असणार? एक लहानशी पिशवी पुरे. गोडें पाणीसुद्धां मोजून. खरी शिदोरी हातांत असावी लागे. दिवे गेले तरी नेमकी झडप चांचपून ओळखतां आली पाहिजे, आणि तीहि केवळ आपल्या यंत्रखोलींतली नव्हे, साऱ्या नौकेची. कारण तेथें एकाची चूक सर्वांस बुडविते.

दुसऱ्या पाणबुडीस १९६८ सालीं ‘खांदेरी’ हें नांव मिळालें. शिवछत्रपतींनीं १६७९ मध्यें इंग्रज व सिद्दी यांच्या डोळ्यांदेखत उभारलेल्या जलदुर्गाचें तें नांव. त्याच नांवाची नवी पाणबुडी, फ्रेंच आराखड्यावरून माझगांव गोदींत बांधलेली, २०१९ सालीं आरमारांत आली.