खिडकीचा उंबरा : कूज, दुरुस्ती आणि बदल

उंबरा म्हणजे लाकडी खिडकीच्या चौकटीतले तळाचे आडवे लाकूड. दोन्ही उभ्या लाकडांच्या कुशी त्यात बसतात, गजांची खालची टोके त्यातच रुततात आणि झडपांवरून ओघळणारे पाणीही शेवटी त्यावरच थांबते. त्यामुळे चौकटीत आधी कुजतो तो उंबरा.

कूज ही बुरशीची करणी. लाकडातला ओलावा बराच काळ साधारण २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. कोरड्या लाकडात ती वाढत नाही. सागवानाचा गाभा तिला आणि वाळवीला दाद देत नाही, मात्र त्याच सागाचे बाहेरचे फिकट लाकूड आंब्याच्या फळीइतकेच कच्चे निघते. ‘सागवानी’ म्हणून घेतलेली चौकट का कुजली, याचे उत्तर बहुधा तिथेच सापडते.

आखाडा बाळापूर (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) परिसरातल्या जुन्या दगडमातीच्या, माळवदी घरांत प्रश्न थोडा वेगळा आहे. जाड मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि ती चौकटीच्या भिंतीत गेलेल्या टोकांना पोचते. नैऋत्येकडून येणारा पाऊस झोडपतो त्या बाजूच्या खिडक्या आधी जातात. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. अशा हादऱ्याने चौकट आणि भिंत यांच्यात केसाएवढी फट पडली तरी पाण्याला वाट मिळते. फट दिसली की तीत सिमेंट कोंबण्याची पद्धत रूढ आहे, पण ती चुकीची. सिमेंट मातीला नीट धरत नाही आणि आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही. मातीच्या भिंतीला मातीचाच किंवा चुन्याचा गिलावा बरा.

तपासणी पेचकस टोचून करावी. रंग शाबूत दिसतो आणि खाली लाकूड भुसभुशीत असते. गजांच्या भोकांजवळ तर हमखास, कारण गंजलेले लोखंड फुगून भोक रुंदावते. पोकळ आवाज आला आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी समजावी. तिचा बंदोबस्त आधी, सुतारकाम नंतर.

काम एप्रिल-मेमध्ये काढावे. कूज एका टोकापुरती असेल तर निरोगी लाकूड लागेपर्यंत पटाशीने काढून तिरपा सांधा द्यावा आणि त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचे ठिगळ, रेषा जुळवून, एपॉक्सीने व लाकडी खुंट्यांनी बसवावे. घरातल्या फर्निचरचा पांढरा सरस पावसात टिकत नाही. नुसती लांबी भरून वर रंग मारणे म्हणजे एका पावसाळ्याची सोय.

उंबरा अर्ध्याहून अधिक गेला असेल तर बदलावा. मातीच्या भिंतीत वरचा भार काही अंशी चौकटीवर असतो, म्हणून आधी वरच्या आडव्या लाकडाला टेकू द्यावा. मग उंबरा मधोमध कापून दोन तुकड्यांत काढावा. गज वर सरकवता यावेत म्हणून वरची भोके जरा खोल करतात. नव्या उंबऱ्याच्या खाचा समोरून उघड्या ठेवल्या की तो आडवा सरकवून बसवता येतो. खाचा नंतर पाचर मारून बंद होतात. वरचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला उतरता असावा आणि बाहेर आलेल्या कडेच्या खाली एक खाच असावी, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता तिथेच तुटतो. हा उतार स्वस्तातले सर्वांत मोलाचे काम आहे आणि नेमका तोच विसरला जातो. भिंतीत जाणारी टोके डांबराने, उरलेले लाकूड बेलतेलाने व प्रायमरने बंद करावे. गजांच्या टोकांना रेड ऑक्साइड लावावे. उन्हाळ्यात सुकलेले लाकूड आषाढात फुगते, तेव्हा झडपेखाली थोडी जागा सोडावी.

लाकडाऐवजी कडप्पा किंवा शहाबादी फरशी बसवण्याचा पर्यायही आहे. ती कुजत नाही, मात्र तिलाही उतार हवाच आणि उभ्या लाकडांची टोके तिच्यावर ओलीत टेकू नयेत.

जुना तैलरंग खरवडताना तो ओला करून खरवडावा. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. असे रंगवलेले लाकूड चुलीत घालू नये आणि वाळवी लागलेले तुकडे सरपण म्हणून भिंतीलगत रचू नयेत.