घोड्यांची किंमत आणि घोड्यांचा खर्च

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा इजिप्तमध्ये ब्रिटिश सैन्याचे हजारो घोडे होते. त्यांना मायदेशी नेण्यापेक्षा तिथेच विकणं सरकारला सोयीचं वाटलं. सरकारी खातेवहीत तो व्यवहार तिथे संपला.

१९३० साली घोडदळातल्या एका अधिकाऱ्याची पत्नी, डोरोथी ब्रूक, कैरोत आल्या. रस्त्यावर गाड्या ओढणाऱ्या हाडकुळ्या जनावरांच्या अंगावर त्यांना सैन्याचा बाणाचा डाग दिसला. युद्ध संपून बारा वर्षं झाली होती, घोडे विशीच्या पुढे गेले होते आणि अजून जुंपलेले होते.

मालकांना दोष देणं सोपं होतं. पण ते स्वतःच गरीब होते, आणि घोडा गेला की घरची चूल थंडावणार. तेव्हा घोडा सोडवायचा, तर रोख किंमत मोजणं भाग होतं. एप्रिल १९३१मध्ये ब्रूक यांनी लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहून मदत मागितली. वाचकांनी पैसे पाठवले, समिती नेमली गेली आणि तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले गेले.

त्यातल्या बहुतेकांना वेदनारहित मरण द्यावं लागलं, इतके ते थकलेले होते. म्हणजे देणगीदारांच्या पैशातून विकत घेतली गेली ती बहुतांशी एक सुखाची अखेर. जमाखर्चात या जमेला रकाना नसतो.

तरीही हा खर्च एका अर्थाने सोपा होता, कारण त्याला शेवट होता. सैन्याचे घोडे मोजकेच होते, ते संपले की निधीचं कामही संपणार. ब्रूक मात्र तिथे थांबल्या नाहीत. १९३४ साली त्यांनी कैरोत 'ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल' काढलं. शहरातल्या कष्टकरी घोड्या-गाढवांवर तिथे मोफत उपचार होऊ लागले. इथे मालकाकडून जनावर काढून घ्यायचं नव्हतं, ते त्याच्याकडेच धडधाकट ठेवायचं होतं. पण औषधं, चारा, पगार यांचा खर्च दर महिन्याला उभा राहणार होता.

युद्धातल्या घोड्यासाठी लोक हेलावून एकदा पैसे देतात. विटा वाहणाऱ्या गाढवाच्या मलमपट्टीसाठी दरवर्षी कोण देणार? प्राणी वाचवणारी प्रत्येक छोटी संस्था आजही याच प्रश्नाशी झगडते. ब्रूक यांची संस्था टिकली. आज ती भारतातल्या वीटभट्ट्यांवरही काम करते. सरकारने मिटवलेलं खातं त्यांनी पुन्हा उघडलं, ते अजून बंद झालेलं नाही.