अमरकंद आणि इलाख्याची वेस

वाण्याकडची सालममिश्री तुम्ही पाहिली असेल. ती आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, सुकवलेल्या कंदांची. खरी सालममिश्री इराण-अफगाणिस्तानाकडची, अर्थात महाग. म्हणून आपल्या रानातल्या अमरकंदाचे कंदही तिच्याच नावाने खपत आले.

अमरकंद ही जमिनीत वाढणारी आमरी. झाडावर वाढणारी रास्ना पुष्कळांच्या ओळखीची असते. ही मात्र पायाखाली असून दिसत नाही. पावसाच्या तोंडी फुलांचा तुरा, मागोमाग पाने, आणि पुढे सगळा संसार पुन्हा मातीत!

मी इतिहासाचा माणूस, तेव्हा मला वेगळेच कोडे पडते. १८६२ साली डार्विनचा आमरीवरचा ग्रंथ निघाला. त्याच साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा झाला, तो मध्यप्रांतात. पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा थोर ग्रंथ सिद्ध केला. पण इलाख्याची वेस आली तिथे त्यांची लेखणी थांबली. वर्धा त्यात नाही. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि राज्याच्या एकदल वनस्पतींचा खंड, ज्यात आमरी मोडतात, निघाला तो १९९६ साली. झाडांना कुठले आले इलाखे?

बरे, ही वनस्पती कुंडीत नेऊन जपावी म्हणाल, तर तेही सोपे नाही. तिचे बी धुळीसारखे, त्यात शिदोरी जवळजवळ नाहीच. आमरीचे बी रुजायला बुरशीची सोबत लागते, हे नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ साली दाखवले. उपटलेला कंद कदाचित जगेल, पण वंश वाढायला पालापाचोळ्याची, नांगर न लागलेली जमीनच हवी. आपल्या जिल्ह्यात तशी जमीन बोरच्या साग-तेंदूच्या रानात आहे. ते १९७० साली अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. वाघाच्या पुण्याईने तळची मातीही राखली गेली म्हणायची. राखीव रानाबाहेर मात्र मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा पेटवतात. धग कंदापर्यंत पोचली नाही, तरी वरचे पांघरूण जाते.

तेव्हा मृगाच्या पावसानंतर रानात असा तुरा दिसला, तर कुदळ लावू नका. तारीख, गाव, भोवतालची झाडे वहीत टिपा आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा.