शाळा अंगणात गेली तेव्हा

पालकसभेला पालक येत नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. ज्यांनी यावं असं वाटतं, नेमके तेच येत नाहीत. मग आपण मुलाच्या हाती चिठ्ठी देतो, दुसऱ्या खेपेला जरा कडक शब्दांत. ती चिठ्ठी घरी वाचणारं कुणी आहे का, हे नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं. बोर्डी आणि कोसबाडची गोष्ट वाचल्यावर त्याची लाज वाटली.

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाईंची पद्धत आपल्या मुलांसाठी वळवून घेण्याचे प्रयोग झाले, पण त्यांचा लाभ मुख्यतः शहरांतल्या, थोड्याफार शिकलेल्या घरांना मिळत होता. म्हणून १९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून तिथे आल्या.

बालवाडी उघडली. सुस्थितीतल्या घरांतली मुलं येऊ लागली. गरीब वस्त्यांमधली येईनात. ‘या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही’ हे उत्तर तयार होतं. आजही ते शिक्षकांच्या खोलीत सहज ऐकू येतं. ताराबाईंनी ते मानलं नाही. मूल येत नसेल तर आपणच तिथे जायचं, असं ठरवून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवला. हीच अंगणवाडी. साधनं जवळपास मिळतील तीच : खडे, शिंपले, बिया, पानं. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ.

आता पालकांच्या बाजूने पाहा. शाळेच्या खोलीत काय चालतं ते घरच्यांना दिसत नाही. आपण सांगू त्यावर विश्वास ठेवण्याखेरीज त्यांच्या हाती काही नसतं. अंगणात मात्र सगळं उघड्यावर. आपलं पोर बाईंजवळ बसून बिया मोजतंय, हे आई हातातलं काम न सोडता पाहू शकते. मनात आलं तर मध्येच काही विचारते. तिथे ती घरची मालकीण आणि शिक्षिका पाहुणी. सभेत खुर्च्या कितीही गोलाकार मांडल्या तरी हे साधत नाही.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. याच भागात १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांकडून नाडल्या गेलेल्या या लोकांनी बाहेरच्या माणसावर पटकन विश्वास का ठेवावा? त्यातून मुलांना घरी कामंही होती. आईवडील मजुरीला गेले की थोरल्या मुलीच्या काखेत धाकटं भावंड येई. मुलगे गुरं राखत.

अशा घरी जाऊन ‘मुलीला शाळेत पाठवा’ म्हणणं म्हणजे तान्ह्या मुलाकडे कोण पाहील, या प्रश्नाला उत्तरच न देणं. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच जागी आणले गेले. मुलीने भावंडाला घेऊनच यावं. ते पाळणाघरात राहील, ती वर्गात बसेल. गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणावर गेले. गुरं चरत असताना तिथेच शिकवायचं. ही कुरणशाळा.

मला यात विशेष वाटतं ते हे की पालकांची अडचण इथे सबब मानली गेली नाही. तिच्यावरून शाळेची जागा, वेळ आणि रचना बदलली. आपल्या हजेरीपटावर मात्र ‘गैरहजर’ एवढंच लिहायला जागा असते. ‘धाकट्याला ताप, आई कामावर’ हे लिहायला रकानाच नसतो. मी गेली काही वर्षं वेगळ्या वहीत असं लिहून ठेवतो. त्यासाठी घरी जावं लागतं, आणि सर्वच घरी स्वागत होतं असंही नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांमधून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांमुळे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोचलं. आमच्या गावची अंगणवाडी आता पक्क्या खोलीत भरते. खोली चांगली आहे, पावसात गळत नाही. मुलांना सोडायला आलेल्या आया मात्र दारातूनच परत जातात.