कर्जखतांची होळी : कारणे, हेतू आणि विवेकी निवड

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांवर हल्ला करून त्यांची कर्जखते व हिशेबाच्या वह्या जाळल्या. हे लोण पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. या कृतीचे स्पष्टीकरण कोणत्या भाषेत द्यावयाचे, हा प्रश्न केवळ दख्खनच्या इतिहासाचा नाही.

ऐतिहासिक स्पष्टीकरणही सामान्य नियमांवरच उभे असते, असे कार्ल हेम्पेल यांनी १९४२ मध्ये प्रतिपादन केले. त्या रीतीने पाहता कारणे हाताशी आहेत. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले आणि रयतेची पत वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला. त्याच सुमारास फेरआकारणीने शेतसाराही वाढला. उठाव याच दशकात का झाला, हे यातून कळते. परंतु हलाखीतून धान्याची लूटही संभवते. रयतेने कागदच का जाळला, याचे उत्तर या कारणांत नाही.

विवेकी निवडीचा सिद्धान्त निराळी अडचण पुढे करतो. सामूहिक लाभ सर्वांनाच मिळणार असेल, तर एकट्याने जोखीम का पत्करावी, हा मॅन्कर ओल्सन यांचा १९६५ मधील प्रश्न. सावकाराची वही जळाली की घरी बसलेल्याचेही देणे पुसले जाते. याचे उत्तर गावाच्या बांधणीत सापडते. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे एका सावकाराने न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून देशमुखाचे घर पाडले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. अशा वेळी फुटून राहणाऱ्यालाही वाळीत पडण्याचे भय असते. एकजूट का टिकली, हे येथे उमगते. मात्र हा सिद्धान्त माणसाची इच्छा गृहीत धरून चालतो. ती घडते कशी, हे तो सांगत नाही.

ती घडली कायद्याने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आली. संरक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा सावकारांनी उलटा उपयोग केला : दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. निरक्षर ऋणको ज्यावर निशाणी करी तो मजकूर त्याला वाचता येत नसे, आणि न्यायालय मानी तो तोच मजकूर. कागद मुकाट्याने स्वाधीन झाला तेथे बहुधा पुढे हिंसा झाली नाही, असे चौकशी आयोगानेही नमूद केले. कर्त्याच्या दृष्टीने कोणती कृती योग्य ठरत होती हे दाखविणे म्हणजे स्पष्टीकरण, ही विल्यम ड्रे यांची १९५७ मधील भूमिका येथे सार्थ ठरते. हेतू हेही कारणच असते, हे डोनाल्ड डेव्हिडसन यांचे १९६३ मधील म्हणणे मान्य केले तरी त्या हेतूचा आशय वाचावाच लागतो.

ही निवड निव्वळ तात्त्विक नाही. रयतेची कृती हलाखीचा परिणाम मानली की रयत दयेचा विषय होते. तिच्यामागे हेतू मानला की तिच्या युक्तिवादाला उत्तर देणे प्राप्त होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रयतेला संरक्षणाचा विषय मानले. पण त्याच कायद्याने न्यायालयाला कर्जखताच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा पूर्वेतिहास तपासण्यास सांगितले आणि खते नोंदणी अधिकाऱ्यासमोर करावयास लावली. कागद म्हणजे सत्य नव्हे, हा सुप्याच्या होळीतील युक्तिवाद त्याने, रयतेचे नाव न घेता, मान्य केला होता.