काळी रेती, हवा आणि एक सायकल

पन्नाशी उलटली की माणूस एकतर अध्यात्माकडे वळतो नाहीतर सायकल घेतो, असं आमच्या घरचं मत आहे. मी सायकल घेतली. टायटॅनियमची रोडबाइक, पण सेकंडहँड. कारण नव्या फ्रेमची किंमत ऐकली आणि डॉलरला रुपयांनी गुणायची जुनी सवय आड आली. दोन उन्हाळे झकास गेले. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये गॅरेजमध्ये ती पुसत होतो, तर खालच्या नळीवर, पायडलच्या सांध्याजवळ, एक केस चिकटलेला दिसला. फडक्याने पुसला तरी जाईना. केस नव्हताच तो, तडा होता. आदल्याच आठवड्यात एका उतारावरून मी ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने खाली आलो होतो, ते आठवलं आणि हातपाय गार पडले.

ओळखीच्या एका म्हाताऱ्या वेल्डरला ती दाखवली. उभा जन्म विमानांच्या नळ्या जोडण्यात घालवलेला माणूस. त्याने भिंग लावलं, सांध्याच्या आत टॉर्च मारली आणि एवढंच म्हणाला, "धातू चांगला आहे. जोडताना आतून हवा लागली." हवेने धातू बिघडतो म्हणजे काय, हे शोधायला मी निघालो आणि पार अठराव्या शतकात जाऊन पोचलो.

१७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाचा एक पाद्री राहत होता. रसायनशास्त्राचा नाद असलेला. मनॅकन गावातल्या ओढ्यातली काळी रेती त्याने तपासली. लोह वेगळं काढल्यावर उरलेला पदार्थ ओळखीचा निघेना. चार वर्षांनी बर्लिनच्या क्लापरोथला दुसऱ्या एका खनिजात तेच मूलद्रव्य सापडलं आणि त्याने ग्रीक पुराणातल्या टायटन दैत्यांवरून त्याचं नाव ठेवलं. मी मूळचा रत्नागिरीचा. लहानपणी समुद्रावर चुंबक फिरवून काळे कण गोळा करणं हा आमचा उद्योग. चुंबकाला चटकन चिकटायचे ते बहुतेक मॅग्नेटाइटचे, पण काळबादेवी, नेवरे, मालगुंड या पट्ट्यातल्या रेतीत इल्मेनाइटही आहे, म्हणजे टायटॅनियमचं मुख्य खनिज. ग्रेगरच्या ओढ्यातही तेच होतं. आम्ही त्या रेतीचे किल्ले बांधत होतो!

नाव मिळालं, धातू मात्र मिळेना. तापलेल्या टायटॅनियमला ऑक्सिजन आणि नायट्रोजनची इतकी ओढ, की भट्टीतून बाहेर येईपर्यंत तो त्यांना शोषून काचेसारखा ठिसूळ झालेला असे. शुद्ध म्हणावा असा टायटॅनियम अमेरिकेत मॅथ्यू हंटरने काढला तो १९१० मध्ये, म्हणजे शोधानंतर ११९ वर्षांनी. मोठ्या प्रमाणावर चालेल अशी कृती लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोलची. टायटॅनियमचं क्लोराइड घ्यायचं आणि बंद भांड्यात, हवेऐवजी आरगॉन वायू भरून, मॅग्नेशियमबरोबर तापवायचं. हाती येतो तो सच्छिद्र गोळा, त्याला स्पंज म्हणतात. क्रोल १९४० मध्ये अमेरिकेत आला आणि १९४८ मध्ये ड्युपॉन्टने धंदा म्हणून उत्पादन सुरू केलं. (आपल्याकडे केरळात चवरा इथे इस्रोच्या पैशाने स्पंजचा कारखाना सुरू झाला तो २०११ मध्ये. त्यासाठीची रेती मात्र तिथे युगानुयुगं पडून होती.)

पुढची गोष्ट हेरगिरीची. १९६० च्या दशकात लॉकहीड कंपनीने कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथे ए-१२ आणि ब्लॅकबर्ड ही विमानं बांधली. आवाजाच्या तिप्पट वेगात अंग इतकं तापे की अ‍ॅल्युमिनियम टिकणार नाही, म्हणून जवळजवळ सगळं विमान टायटॅनियमचं. एवढा धातू आणायचा कुठून? मधले दलाल उभे करून तो चक्क सोव्हिएत युनियनकडून विकत घेतला. ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्याच्याकडूनच! पण मला जास्त आवडली ती पाण्याची हकीगत. उन्हाळ्यात केलेले जोड लवकर निकामी व्हायचे, हिवाळ्यातले टिकायचे. कारण सापडेना. शेवटी लक्षात आलं की उन्हाळ्यात शेवाळ होऊ नये म्हणून गावच्या पाण्यात जास्त क्लोरीन घालत, आणि सुटे भाग त्याच पाण्याने धुतले जात. कॅडमियमचा मुलामा दिलेले पान्हेही असेच हद्दपार झाले, कारण त्यांचा स्पर्श झालेल्या बोल्टची डोकी उडत. आपल्या आजीचं सोवळं परवडलं, असा हा धातू.

सायकलीत तो आला तो या विमानांच्या वळचणीने. बर्मिंगहॅमच्या स्पीडवेल कंपनीने टायटलाइट नावाची फ्रेम काढली आणि १९७३ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या लुइस ओकान्याने डोंगरातल्या टप्प्यांसाठी स्पीडवेलची सायकल वापरली. त्याच सुमारास अमेरिकेत टेलिडाइनची टायटन आली. दोन्ही फ्रेम हलक्या होत्या, पण इथे एक गोम आहे. टायटॅनियमचं वजन पोलादाच्या साठ टक्क्यांच्या आत-बाहेर, पण ताठपणाही जवळपास निम्माच. तेव्हा नळी जाड व्यासाची हवी, नाहीतर जोर लावला की फ्रेम लवते. शिवाय टायटनसाठी वापरला तो शुद्ध टायटॅनियम, मिश्रधातू नव्हे. त्यामुळे ती फ्रेम लवचीक म्हणून ओळखली गेली आणि पुढे पुष्कळांच्या फ्रेमना तडे गेले. दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळला. टायटॅनियम म्हणजे मोडणारी सायकल, असं नाव झालं ते दहा-बारा वर्षं पुसलं नाही.

ते पुसलं गेलं १९८६ च्या आसपास, एकाच वेळी दोन ठिकाणी. टेनेसीत चॅटनूगाजवळ लिन्स्की कुटुंबाचं वर्कशॉप होतं, त्यांनी लाइटस्पीड काढली. आणि आपल्या इथे, बॉस्टनला खेटून असलेल्या समरव्हिलमध्ये, मर्लिन मेटलवर्क्स. दोघांनी विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी तयार झालेला मिश्रधातू उचलला. तीन टक्के अ‍ॅल्युमिनियम, अडीच टक्के व्हॅनेडियम. बलाच्या बाबतीत शुद्ध टायटॅनियमच्या सुमारे दुप्पट. पण माझ्या मते खरी भर त्यांनी टाकली ती वेल्डिंगच्या टेबलावर. बाहेरून आरगॉनचा झोत, आणि नळीच्या पोटातही आरगॉन भरलेला. सांधा निवेपर्यंत हवेला आत-बाहेर कुठूनच शिरकाव नाही. क्रोलने बंद भांड्यात केलं तेच, सायकलच्या आकारात. मर्लिन पुढे विकली गेली आणि टेनेसीला गेली, पण तिथले हात या भागात राहिले. तिथेच काम केलेल्या रॉब व्हँडरमार्कने १९९७ मध्ये सेव्हन सायकल्स सुरू केली.

१९९१ नंतर रशियाचे लष्करी कारखाने रिकामे पडले आणि स्वस्त टायटॅनियम जगभर आला, त्याबरोबर स्वस्त फ्रेमही. काही उत्तम, काही अगदीच सुमार. बाहेरून सगळ्या सारख्याच चकचकीत! माझ्या फ्रेमवर नाव ठळक होतं, जोडणारा कोण ते मात्र कुठेच नव्हतं.

म्हणून दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा खिशात टॉर्च होती. वेल्डरने शिकवणी घेतलीच होती. जोडाचा रंग चांदीसारखा किंवा फार तर फिकट गवतासारखा असावा. निळा-जांभळा दिसला तर हवा लागलीय, राखाडी किंवा पांढुरका असेल तर पाठ फिरवायची. पण बाहेरचा रंग ब्रशने घासून काढता येतो, म्हणून पायडलचा आस काढून सांध्याच्या आत बघायचं, तिथे कोणाचा ब्रश पोचत नाही. नळ्यांची टोकं एकमेकांवर चपखल बसवलेली हवीत, फट वेल्डने बुजवलेली नको. हे आतून दिसतं. मिश्रधातू कोणता तेही विचारायचं. सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियमवाला जास्त बळकट असतो, जाहिरातीत त्याचा फार तोरा. पण त्याची सलग नळी ओढणं कठीण, म्हणून पुष्कळदा पत्रा वळवून शिवण घातलेली असते. मी साध्या तीन-अडीचवर समाधान मानलं. वजनात शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतील, ते माझ्या पोटावरून आधी कमी करता येतील.

मिळाली ती नव्वदच्या दशकातली, इथेच बनलेली एक फ्रेम. विकणारे गृहस्थ सत्तरीचे, गुडघ्यांमुळे सोडत होते. मी त्यांच्या गॅरेजमध्ये गुडघ्यावर बसून सांध्यात टॉर्च मारली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, घेताना मीही हेच केलं होतं. आत सगळं चांदीसारखं लखलखीत, तीस वर्षांनंतरही. घासाघीस केली नाही.

घरी आणली. हिने चहूबाजूंनी फिरून पाहिली, नखाने टिचकी मारली आणि विचारलं, "छान आहे हो. पण रंग कधी देणार?"