सरकी, कडबा आणि दुधातील लोणी



चारठाण्याची प्राचीन मंदिरे पाहावयास लांबून माणसे येतात. दगडांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. दावणीचा इतिहास लिहिणारे विरळा. त्यातील एकच प्रकरण मी आज मांडतो. गाईच्या पोटात तेल गेले म्हणजे दुधातील लोणी वाढते काय?

हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. पूर्वी दूध केवळ मापाने विकले जाई. 1890 साली अमेरिकेत बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत काढली. पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्ये गर्बर यांनी काढली. तेव्हापासून मापाच्या जोडीला ‘फॅट’ आली. आमच्या जिनातील कामगाराची मजुरी जशी कामाच्या मोजदादीवर, तशी दूधवाल्याची कमाई या फॅटवर ठरू लागली.

आपला मुलूख कापसाचा. 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्यात रेल्वे आली आणि कापसाच्या व्यापाराला वाट मिळाली. रुईच्या गाठी बाहेर गेल्या, सरकी मागे राहिली. ती भिजवून दुभत्या जनावरापुढे येई. सरकीने दूध दाट होते, हा शेतकऱ्याचा अनुभव खराच होता; परंतु त्याचे सारे श्रेय तेलाला देणे चुकीचे ठरेल.

गाईच्या पहिल्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव कडब्याचे तंतू आंबवतात. त्यातून निघणारे ॲसेटिक आम्ल रक्तावाटे कासेत जाते व तेथे त्याचे स्निग्ध बनते. दुधातील जवळजवळ निम्मे लोणी असे घडते. उरलेले रक्तातील चरबीतून येते. म्हणजे निम्मा वाटा वैरणीचाच!

मोकळे तेल जास्त पाजले तर हे जीव मंदावतात. 1926 साली इंग्लंडमधील संशोधकांनी गाईंना कॉड माशाचे तेल दिल्यावर दुधातील स्निग्धांश उलट घटल्याचे नोंदवले. त्याचा उलगडा 2000 च्या सुमारास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात बाउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. वैरण कमी, धान्य जास्त आणि वर तेल, असे झाले की सूक्ष्म जीवांच्या हातून एक वेगळेच स्निग्धाम्ल तयार होते आणि ते कासेतील लोण्याचे काम रोखते.

अख्ख्या सरकीत तेल कवचात बंद असते. ते पोटात हळूहळू सुटते आणि कवचावर चिकटलेला तंतू वैरणीची बाजू सांभाळतो. तेल काढलेल्या पेंडीत प्रथिने भरपूर, पण तेल थोडे. मात्र सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. म्हणून लहान वासरांना ती देऊ नये. आणि एकूण खाद्याच्या कोरड्या वजनात स्निग्ध शेकडा सहा-सातच्या वर जाऊ नये.

आता ज्वारीचे कितीतरी रान सोयाबीनखाली गेले आणि कडबा दुर्मिळ झाला. फॅट घसरली की भाव कापला जातो, आणि दोष येतो गाईवर किंवा तिच्या मालकावर. मग कोणी सांगतो, तेल पाजा. गरीब माणूस उधारीवर तेल आणतो आणि फॅट आणखी घसरते.

माझे सांगणे एवढेच : तेलाची बाटली उघडण्यापूर्वी कडब्याची गंजी पाहा. फॅट मोजणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की, ज्याच्याकडे वैरण नाही त्याच्या दुधातील कमतरता ही त्याची लबाडी नव्हे. ती त्याच्या शिवारातील टंचाईची नोंद आहे.